रूपलीच्या आईची दोन वाक्यं

माझं एखादं पत्रक तुमच्या हातात कधीतरी पडलं असेल. पिवळ्या कागदावरचं, दारव्ह्याच्या बाजारात वाटलेलं नाहीतर नेरच्या मोटार स्टँडवर खळीने चिकटवलेलं. त्या पत्रकांत मी कोणाला सोडलं नाही. शाळा तपासनीस, मास्तर, क्रमिक पुस्तकं लिहिणारे, आमच्या स्वतःच्या तांड्याचा नायक — सगळ्यांना तोंडावर. लोक म्हणायचे, पोरगा आगाऊ आहे पण खरं बोलतो. त्या खरं बोलण्याच्या नावावर मी बराच मान लाटला.

एक माणूस मात्र पत्रकांतून सुटला. आज त्याच्यावर लिहितोय. यातलं काहीही मी आजवर बोललेलो नाही — बायकोशी नाही, ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या बाईंशी नाही, आणि जिला सगळ्यांआधी सांगायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. पाच वर्षं झाली. एखादी गोष्ट जिभेखाली ठेवून माणूस पाच वर्षं जेवतो, झोपतो, सभेत भाषण करतो — हे कसं जमत असेल? माझा धंदाच मुलांच्या मनात काय चालतं ते शोधायचा. स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, की दिसलं आणि मी त्यावर झाकण ठेवलं? खरंच सांगता येत नाही. म्हणून लिहून पाहतोय.

थोडं मागून सुरू करतो. सबब म्हणून नाही — तुम्हाला खोली दिसावी, खोलीत कोण कुठे बसलं होतं ते दिसावं, एवढ्यासाठी.

माझं नाव हिरामण. बोरी अरबजवळच्या एका तांड्यातला. घरी आमची बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. शाळेत पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. मास्तर पाटीवर बैल काढायचे आणि काहीतरी विचारायचे. बैल मला मास्तरांपेक्षा जास्त कळत होता. प्रश्न कळत नव्हता. वर्षाच्या शेवटी त्यांनी माझ्या बापाला बोलावून सांगितलं, पोरगा मठ्ठ आहे, गुरं राखायला लाव. बापाला ‘मठ्ठ’ शब्द माहीत नव्हता. त्याला वाटलं, काहीतरी चांगलंच सांगताहेत. त्याने हात जोडले आणि मला पुन्हा शाळेत धाडलं. त्या एका गैरसमजावर मी नागपूरपर्यंत पोचलो.

नागपुरात मानसशास्त्र शिकत होतो तेव्हा, छप्पन साली, राज्य बदललं. वऱ्हाड हिंदी राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. कोणी पेढे वाटले, कोणी तोंड पाडून बसले. आमच्याकडे मुलांची बुद्धी मोजायची जी छापील पानं होती, ती कालपर्यंत हिंदीत होती, ती हळूहळू मराठीत आली. मी पहिलं पत्रक तेव्हा लिहिलं: राज्य बदललं, पानं बदलली, तांड्यातल्या पोराचं काय बदललं? त्याला आधीही कळत नव्हतं, आताही कळत नाही. आणि न कळण्याचा शिक्का मात्र त्याच्याच कपाळावर.

तिथे आमचे एक म्हातारे सर होते. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. ‘मूल चूक उत्तर देत नाही. ते दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतं. तो प्रश्न शोधा.’ किती मजेचं काम होतं ते, तुम्हाला काय सांगू! चाचणीत एक प्रश्न असायचा — आगगाडीत छत्री विसरली तर काय करशील? छापील उत्तर: स्टेशन मास्तरला सांगेन. दारव्ह्याच्या एका पोराने मला सांगितलं, ‘गाडीमांगं पयत जाईन, छत्री घेईन, अन् उतरून येईन.’ नियमाप्रमाणे शून्य गुण. पण आमची मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी तुम्ही पाहिली आहे का? पोरगा बरोबर होता. त्या गाडीमागे पळून छत्री आणता येते, वाटेत बोरंही खाता येतात. शून्य कोणाला द्यायचं — पोराला, की छापणाऱ्याला?

असल्या गोष्टींनी मी पेटून उठायचो. आणि पेटलेल्या माणसाला एक सोय असते. स्वतःचा चेहरा दिसत नाही.

शिक्षण संपवून मी दारव्ह्याला आलो. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असायची, दुपारी एक वर्ग आम्हाला मिळायचा. ‘आम्हाला’ म्हणजे सुमतीबाई आणि मी. सुमतीबाई नागपूरच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, या कामात मुरलेल्या. ज्या मुलांना शाळा ‘चालत नाही’ म्हणायची, त्यांना आईबाप बाजाराला येताना सोबत आणत. बाई मुलाला तपासायच्या, आईबापांशी बोलायच्या. जिथे गोरबोली लागायची तिथे मी. माझ्याशिवाय त्या वर्गात दोन्ही भाषा येणारं कोणी नसायचं. याचा अर्थ काय होतो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, मी पूल आहे. पुलावर जकातनाकाही बसवता येतो.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. आई जे बोलेल ते आधी जसंच्या तसं सांगायचं. वेडंवाकडं असो, विषय सोडून असो, तुम्हाला पटो न पटो. तिचं वाक्य पूर्ण झालं की मग तुमचं मत. ‘हिरामण, आईला मुलाबरोबर बारा महिने राहावं लागतं. आपण तासाभराचे पाहुणे.’ असं म्हणाल्या होत्या.

त्या पावसाळ्यानंतर ठरलं की जिल्ह्याचे साहेब येणार, आमचं काम पाहणार. तांड्यांतल्या आणि कोलामांच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, मुलांना त्यांच्या बोलीत तपासावं की नाही, ते ठरवणार. यासाठीच तर मी इतकी वर्षं ओरडत होतो. मी पत्रक लिहायला घेतलं. नाव होतं ‘मठ्ठ कोण?’ पण पत्रकाला एक मूल हवं असतं. नुसत्या तत्त्वाने कोणी वाचत नाही. शाळांकडून आलेल्या चिठ्ठ्यांत एक मिळाली: तांड्यातली मुलगी, वय सात, दुसऱ्यांदा पहिलीत, काही उमगत नाही, मठ्ठ. बस्स. हा तर मीच की! मी लिहून टाकलं — सात वर्षांची एक मुलगी, शाळेने मठ्ठ ठरवलेली, तिच्या मायबोलीत विचारताच घडाघडा उत्तरं देते.

दारव्ह्यात रहीमचाचांचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं यंत्र, आणि चाचांच्या तोंडाचा पट्टाही तसाच, न थांबणारा. खिळे जुळवता जुळवता त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘मास्तर, पोरीचं नाव काय हो?’

‘चाचणी व्हायची आहे अजून. पुढच्या बाजारी येणार.’

‘म्हंजे पोरगी पाह्यली नाही, अन् तिची हुशारी छापून राह्यले?’

‘पाहायची काय गरज चाचा? मी तिथूनच आलो.’

‘मंग तुमचाच फोटू छापा ना. पोरीले कायले तरास देता?’

मी हसलो. चाचाही हसले. त्यांनी खिळे बसवले. सगळ्या दारव्ह्यात चुकीवर बोट ठेवणारा तो एकटा माणूस, आणि मी त्याला विनोद समजलो.

कळतंय मला, अजून मुद्द्यावर आलो नाही. येतो.

पुढच्या बाजारी लच्छी आली. तिशीची असेल. आरशांची काचोळी, कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावरची मोळी बाजारात विकून आलेली, म्हणून चुंबळ अजून हातातच. मराठी तिला बाजारापुरतं यायचं — भाव, वजन, ‘कमी करा’. सोबत रूपली. सात वर्षांची, बारीक, डोळे एवढे मोठे की आधी डोळेच वर्गात आले असं वाटावं. एका कानात कापसाचा बोळा होता. तो मी पाहिला. पाहिला नव्हता असं म्हणायचा मोह होतोय — पण पाहिला होता.

सुमतीबाई समोर बसल्या आणि सवयीप्रमाणे आधी मराठीत बोलल्या, सावकाश. ‘नाक दाखव.’ रूपलीने नाक दाखवलं. ‘दार लोटून ये.’ ती उठली, दार लोटून आली. बाई खूश झाल्या. मी नाही. मराठीत उत्तर? पत्रकात तर असं नव्हतं.

मग माझी पाळी. मी पुढे झालो, आमच्या बोलीत विचारलं, ‘तार नाम कांई छ?’ तुझं नाव काय? तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या शर्ट-पँटकडे. मग परत तोंडाकडे, भुवया गोळा करून. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं. ती आईकडे वळली आणि आपल्या मिशीवर — म्हणजे जिथे मिशी असती तिथे — बोट फिरवलं. लच्छीला हसू आलं. पदराआड हसून ती मला म्हणाली — आमच्या बोलीत म्हणाली, इथे मी मराठीत देतो, आणि या वेळी जसंच्या तसं देतो:

‘भाऊ, तिला कानाने कमी येतं. ती तोंड पाहून समजते. बाईचं तोंड उघडं आहे. तुझं मिशीत आहे.’

हे लच्छीचं पहिलं वाक्य.

पुढे तिने हेही सांगितलं की कान वाहतो, दोन पावसाळे झाले, लसूण जाळून तेल टाकते, मागून हाक मारली तर पोरगी वळत नाही. सगळं सांगितलं तिने. आईला जे माहीत असतं ते सगळं. शाळेत दोन मास्तरांना जे दोन वर्षांत दिसलं नाही, ते एका मोळी विकणाऱ्या बाईने दोन दमांत माझ्यापुढे ठेवलं.

सुमतीबाईंनी विचारलं, ‘काय म्हणाल्या त्या?’

मी म्हणालो, ‘म्हणते, पोरगी परक्या माणसाला बुजते. मराठी कळत नाही. घरी आमच्या बोलीत घडाघडा बोलते.’

बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. माझं वाक्य, लच्छीच्या नावावर.

किती वेळ लागला असेल मला हे बनवायला? श्वास घेण्याइतकाही नाही. मी पुष्कळदा त्या जागी परत जाऊन पाहिलं आहे, एखादं घड्याळ उघडून पाहावं तसं. ठरवलं होतं का? नाही. ‘घडाघडा’ हा शब्द तरी कुठून आला? पत्रकातून आला. छापून तयार होता, तोच जिभेवर आला. आणि त्यात मिशीचा राग होता का? होता, थोडा. आपल्याच माणसाला आपलं तोंड कळलं नाही, आणि नागपूरच्या बाईंचं कळलं — हे झोंबलं. एवढ्याशा झोंबण्यापायी मी एका मुलीचे कान पणाला लावले.

थांबा. अजून संपलं नाही. तिथेच संपलं असतं तर कदाचित मी याला चूक म्हणालो असतो.

बाहेर आणखी दोन कुटुंबं थांबली होती. बाई म्हणाल्या, ‘हिरामण, तुमच्या बोलीत तुम्हीच पूर्ण करा,’ आणि बाहेर गेल्या. माझ्यावर विश्वास टाकून गेल्या. मी रूपलीपुढे लाकडी ठोकळे मांडले. रंगीत बाजू जुळवून चित्र करायचं असतं. त्याला बोलावं लागत नाही. आणि काय सांगू — तिने अशी जुळवणी केली की मी पाहत राहिलो. आईच्या काचोळीवरचे नमुने डोळ्यांत भरलेले असणार. अवघडातलं अवघड चित्र तिने ठोकळे न उचलता, नुसते फिरवून पूर्ण केलं. मुलगी हुशार होती. हे खोटं नव्हतं. तेवढं एकच खोटं नव्हतं.

मग मी उठलो, तिच्या पाठीमागे गेलो आणि ठोकळ्यांचा रिकामा पत्र्याचा डबा फरशीवर सोडला. बाहेरून कोणीतरी ‘काय झालं रे’ म्हणून ओरडलं. रूपली ठोकळे फिरवत राहिली.

म्हणजे मला माहीत होतं. पुरतं माहीत होतं. कुतूहल म्हणून मी डबा टाकला, उत्तर मिळालं, आणि उत्तर खिशात घातलं.

लच्छी समोरून पाहत होती. तिला वाटलं, आता या शिकलेल्या माणसाची खात्री पटली. तिने विचारलं, ‘लिहिलं का, भाऊ?’

‘लिहिलं,’ मी म्हणालो.

‘काही करावं लागेल का कानाचं?’

‘पोरगी हुशार आहे तुझी. तिला काही झालेलं नाही.’

तेवढंच एका कागदावर लिहून मी तिच्या हातात दिलं. ती आनंदाने रडली. हातातली चुंबळ डोळ्यांना लावली. ती गेल्यावर मी बोलीत विचारायच्या प्रश्नांची रिकामी पानं भरली. रूपलीने दिलीच नाहीत ती उत्तरं मी तिच्या वतीने दिली. छान उत्तरं होती. तांड्याची, गुरांची, नाल्याची उदाहरणं घातली. सातव्या वर्षी मी जी उत्तरं दिली असती — मला कोणी विचारलं असतं तर — ती सगळी मी त्या दिवशी लिहून काढली. रूपलीच्या नावाने मीच परीक्षेला बसलो आणि पास झालो.

साहेब आले. पत्रक वाचलं, कागद पाहिले, प्रश्न विचारले, आणि मान्य केलं. तांड्यांतली, पोडांवरची मुलं त्यांच्या बोलीत तपासायची, सोबत बोली जाणणारा माणूस असायलाच हवा. हा निर्णय चांगला होता. आजही चांगला आहे. त्याच्यामुळे गुरांमागे गेली असती अशी पोरं आज पुस्तक वाचतात, त्यांतली काही मला नावाने माहीत आहेत. खोट्या कागदावर खरी गोष्ट उभी राहू शकते — याचं काय करायचं मला आजही कळत नाही. एक मात्र ठाऊक आहे: हे वाक्य मी पाच वर्षं स्वतःला रोज सांगितलं, आणि रोज ते रूपलीच्या पाठीमागे उभं राहून सांगितलं.

तीन वर्षांनी बोरी अरबच्या बाजारात त्या दोघी मला दिसल्या. मी चहा पीत होतो. कापसाने भरलेली बैलबंडी मागून येत होती. बंडीवाला ओरडत होता, ‘सरक ना व पोरी, बह्यरी हायेस काय?’ पोरगी रस्त्याच्या मध्ये उभी, काचेच्या मण्यांच्या दुकानाकडे पाहत. बैलाचं शिंग तिच्या पाठीला लागणार तेवढ्यात लच्छीने तिला दंडाला धरून ओढलं. मग लच्छीने मला पाहिलं. तिचं तोंड उजळलं. सोबतच्या बायकांना म्हणाली, ‘हाच तो भाऊ. रूपली हुशार आहे म्हणून यानेच लिहून दिलं.’ सगळ्या बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्या हातातला कप मी बराच वेळ खाली ठेवला नाही.

तिने सांगितलं, आता जवळून बोललेलंही ऐकू येत नाही पोरीला. शाळा सुटली. घरी वासरं पाहते, भरतकाम चांगलं करते. ‘तू तर म्हणाला होतास, काही झालं नाही. मग हे आपोआप बरं व्हायचं होतं, ते का नाही झालं रे?’ टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना यवतमाळला नेलं. पाहा, इथेही मी चांगलाच दिसतो. सगळ्या तांड्यात बोललं गेलं, हिरामण आपल्यातल्या पोरीला दवाखान्यात घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. एका कानाचा पडदा राहिलाच नाही म्हणाले. दुसऱ्यात थोडं आहे, औषधाने तेवढं टिकेल. मग मान वर करून त्यांनी विचारलं, ‘इतके दिवस का नाही आणलं?’

तेच झालं पुन्हा. एक खोली, दोन भाषा, आणि मध्ये मी.

लच्छी म्हणाली, ‘याने कागदावर लिहून घेतलं होतं. काही असतं तर सांगितलं असतं, म्हणून मी वाट पाहिली.’

हे तिचं दुसरं वाक्य.

मी डॉक्टरांना म्हणालो, ‘तिला वाटलं, आपोआप बरं होईल.’

डॉक्टर चिडले. ‘पोटच्या पोरीचे कान सडले तरी कळत नाही का हो या लोकांना?’ ‘या लोकांना.’ या दोन शब्दांवर मी एरवी चार पानांचं पत्रक काढलं असतं. तुम्ही मला ओळखता. त्या दिवशी मी औषधाची चिठ्ठी घेतली. लच्छीने विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, म्हणतात, रोज थेंब टाकत जा. तिने डॉक्टरांना हात जोडले. माझ्या बापाने जोडले होते तसेच.

रूपली डॉक्टरांच्या समोरच बसली होती. डॉक्टरांना मिशी नव्हती. त्यांचं बोलणं तिने अख्खं पाहिलं. तिने आईचा दंड धरला, घट्ट, आणि माझ्याकडे वळून पाहू लागली — मी आईला काय सांगतो ते. माझं तिला कळलं नाही. पाच वर्षांत तिच्या बाबतीत मला जे काही वाचवलं असेल, ते माझ्या वरच्या ओठावरच्या या केसांनी.

मागच्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी त्यांच्या तांड्यात गेलो होतो. रूपली आता बारा वर्षांची. ओट्यावर बसून कापडावर आरसे टाकत होती. आम्ही बोललो — म्हणजे मी जमिनीवर काडीने चित्रं काढली, ती बोलली, चपट्या, उंचसखल नसलेल्या आवाजात. मला एक कोडं किती दिवस पडलं होतं. ती दोन भाषा ओठांवरून वाचते. पण समोरचा कोणत्या भाषेत बोलणार हे तिला आधी कसं कळतं? मी दोन तोंडं काढून खुणांनी विचारलं. ती म्हणाली, डोक्यावर काय आहे ते पाहते. पागोटं कसं बांधलंय, टोपी आहे का, बाईचा पदर कसा आहे. त्यावरून भाषा ठरवते, मग तोंड पाहते. नागपुरात असं काही कोणी शिकवलं नव्हतं मला. मी स्वतःकडे बोट दाखवलं, आणि माझं?

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुझं समजत नाही. कपडे त्यांचे, डोळे आपले. अन् तोंड तर दिसतच नाही.’ आणि हसली, ती सात वर्षांची असताना तिची आई जशी हसली होती तशीच, पदराआड.

आतून लच्छी चहा घेऊन आली. मडक्यांच्या उतरंडीमागे कापडात गुंडाळून तिने तो कागद अजून ठेवला आहे. बाहेर काढून दाखवला मला. माझंच अक्षर. सांगायचं होतं — तेव्हाच सांगायचं होतं. चहा प्यायलो आणि निघालो.

म्हणून आज सकाळी दारव्ह्यात न्हाव्याकडे जाऊन बसलो. तो वस्तरा हातात घेऊन थांबला. आमच्याकडे मिशी उगीच काढत नाहीत.

‘कोण गेलं, मास्तर?’ त्याने हळू आवाजात विचारलं.

‘कोणी नाही.’

‘मंग कायले काढता?’

‘काढ.’

त्याने काढली. वाटेत तिघांनी विचारलं, केव्हा झालं, बाप गेला का. सगळ्यांना नाही म्हणालो. घरी बायको दारातच दचकली. तिला ही लिहिलेली पानं वाचायला दिली आहेत. ती आत वाचते आहे, आणि मी हे शेवटचं बाहेर बसून लिहितोय.

सुमतीबाईंना पत्र पाठवतोय. तपासणीच्या कागदांतली रूपलीची पानं कोणी भरली ते त्यांना कळायला हवं. हे लिखाण रहीमचाचांकडे सगळ्यात शेवटी जाईल. या वेळी आधी पोरगी, मग छपाई.

उद्या सकाळी तांड्यात जाणार आहे. लच्छी तेव्हा अंगणात असते. तिची दोन वाक्यं तिने बोलली होती तशी म्हणेन, आणि त्यांच्या जागी मी ठेवलेली माझी दोन. आमच्या बोलीत, एकही शब्द न वगळता. उन्हाकडे तोंड करून बसेन, म्हणजे चेहऱ्यावर सावली पडणार नाही. सावकाश बोलेन. लच्छीला ऐकू येईल. रूपलीला दिसेल.